विज्ञानाच्या शिक्षकाने कुणाला विचारायचे?

शिक्षणाविषयीच्या चर्चासत्रांत सध्या एक दावा फार आत्मविश्वासाने मांडला जातो. पाठाचे टाचण कृत्रिम बुद्धिमत्ता लिहून देते, प्रयोगांचे व्हिडिओ ‘दीक्षा’ या सरकारी पोर्टलवर आहेत, उपक्रमांच्या याद्या मोबाइलवर येऊन पडतात, मग शिक्षकांना एकत्र बोलावून त्यांच्यावर वेळ आणि पैसा कशाला खर्च करायचा? हा दावा करणारे विज्ञानाच्या तासाला नेमके काय घडते ते पाहत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढते. फळ्यावर निष्कर्ष लिहिला जातो : ज्योतीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो. एखादी मुलगी म्हणते, तीन मेणबत्त्या लावून पाहू. पाणी आधीपेक्षा जास्त चढते. ग्लास तोच, आतला ऑक्सिजनही तेवढाच, मग पाणी जास्त का? नीट पाहिले तर पाणी बरेचसे चढते तेच मुळी ज्योत विझल्यावर. ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते, ती गार होताना आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत लोटतो. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या आतच मेणबत्ती विझते, आणि जळताना तयार झालेला कार्बन डायऑक्साइडही जागा व्यापतो. फळ्यावरचा आकडा बरोबर आहे, पण या प्रयोगातून तो निघत नाही.

त्या मुलीसमोर शिक्षकाला दोनच वाटा असतात. ‘पुस्तकात आहे ते लिहा’ म्हणायचे, किंवा ‘हे मलाही उलगडत नाही, शोधून सांगतो’ म्हणायचे. दुसरी वाट धरणाऱ्याला पुढे कुणाकडे तरी जावे लागते. शिक्षकाला आधार द्यायचा म्हणजे हे ‘कुणीतरी’ उभे करायचे.

ते एकदा उभे राहिले होते. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९७८मध्ये तो जिल्हाभर पोहोचला आणि १९८२पासून ‘एकलव्य’ या संस्थेने त्याची धुरा घेतली. ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके, स्वस्त साहित्याची पेटी, पुस्तक उघडे ठेवून द्यायची परीक्षा, मुलांच्या पत्रांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’ या गोष्टी अनेकांना ठाऊक आहेत. अरविंद गुप्ता यांच्या आगपेटीच्या काड्यांच्या प्रतिकृतींचे मूळही तिथेच. मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती तिथली मासिक गोष्ठी. परिसरातल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमत. कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, पुस्तकातली कुठली सूचना वर्गात चालत नाही, यावर बोलत. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक या शिक्षकांबरोबर बसून काम करत, आणि शिक्षकांचे अनुभव पुस्तकाच्या फेरलेखनात उतरत. फसलेला प्रयोग हा तिथे शिक्षकाचा नाकर्तेपणा ठरत नसे. तो सगळ्यांच्या अभ्यासाचा विषय होई.

२००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तेव्हापासून विरोधकांना आयते उत्तर मिळाले आहे : पद्धतच चुकीची होती. या उत्तरामागे एक गंभीर आक्षेप आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. २००६ साली पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा : नवख्या विद्यार्थ्याची कार्यकारी स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी पेलू शकते. साहित्य हाती देऊन ‘शोधा’ म्हटले, की तिचा सगळा भार शोधाशोधीत खर्च होतो आणि शिकायला काही उरत नाही. नवख्याला स्पष्ट, पायरीपायरीचे मार्गदर्शन हवे.

या आक्षेपापुढे प्रयोगवाद्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. मूल आपल्या बळावर वायूंचे नियम शोधून काढणार नाही. मेणबत्तीकडे दिवसभर पाहत बसले तरी हवेचा दाब त्याला सुचणार नाही. त्यासाठी माणसाला कित्येक शतके लागली आहेत. म्हणून ‘मुले आपोआप शिकतात, शिक्षकाने बाजूला व्हावे’ ही प्रयोगवाल्यांची आवडती भाषा सोडून द्यावी असे मी म्हणतो.

पण ती सोडली की पुढचे पाऊल टाकणे भाग पडते, आणि ते तयार पाठांच्या पुरस्कर्त्यांना अडचणीचे आहे. मार्गदर्शन हवे, तर ते कुठल्या क्षणी, किती आणि कुठल्या शब्दांत? तीन मेणबत्त्यांचा प्रश्न आल्यावर ओलसर परीक्षानळीच्या आत लोहकीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवायची आणि काही दिवस वाट पाहायची, हे कुणाला सुचले पाहिजे? लोखंड गंजताना खरोखर ऑक्सिजन घेते, तिथे ज्योत नसते, आणि पाणी सुमारे एक पंचमांश उंचीवर येऊन थांबते. त्या मुलीला जे हवे होते ते इथे मिळते. ली शुलमन यांनी १९८६मध्ये दाखवून दिले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे तंत्र यांच्या पलीकडे शिक्षकाचे म्हणून एक खास ज्ञान असते : हा विषय या मुलांपर्यंत कसा न्यायचा याचे. ते वर्गात कमावले जाते आणि सहकाऱ्यांशी बोलताना पक्के होते. म्हणजे किर्शनर आणि त्यांचे सहलेखक जितके बरोबर, तितकी शिक्षकाच्या घडणीची गरज मोठी. शिक्षकाला वगळण्यासाठी त्यांचा दाखला देता येणार नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७४मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले होते. आजही आपल्याकडे केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. पण त्यांचा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचनांत जातो. विज्ञानाच्या शिक्षकाला तिथे आपला फसलेला प्रयोग मांडायला जागा नसते.

२०२०च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची तरतूद आहे. हे तास पडद्यासमोर प्रमाणपत्रे मिळवण्यात संपू नयेत. त्यातले निम्मे तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या मासिक बैठकीला द्या. बैठकीचा विषय शिक्षकांनी ठरवावा, जवळच्या महाविद्यालयातला एक प्राध्यापक नियमित यावा, आणि प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय बैठक उठू नये. पुस्तकातला जो प्रयोग वर्गात चालत नाही त्याची नोंद बालभारतीकडे जावी आणि तिला लेखी उत्तर मिळावे. या उत्तराचा आग्रह मी सर्वांत जास्त धरीन. आपल्या वर्गातल्या निरीक्षणाने पाठ्यपुस्तकाची एक ओळ बदलू शकते, हे ज्या शिक्षकाने अनुभवले आहे, त्याला पुरावा म्हणजे काय हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.