किल्ल्या ज्याच्या हाती

पिढ्यान्‌पिढ्या नव्हे, काही महिनेच जरी एखाद्या माणसाला अपमानाखाली ठेवले आणि त्याने अखेर हिंसेचा मार्ग धरला, तर त्या हिंसेचा जाब कोणाला विचारायचा? अत्याचार करणाऱ्याला, हे एक उत्तर. ज्याने हात उगारला त्याला, हे दुसरे. दोन्ही उत्तरे देण्यास सोपी आहेत आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. हे अपुरेपण ज्युल्स डॅसिन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रूट फोर्स’ या १९४७ सालच्या अमेरिकन चित्रपटात फार प्रखरपणे प्रत्ययास येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हॉलिवुडमध्ये गुन्हा, काळोख आणि अटळ विनाश यांभोवती फिरणाऱ्या कृष्णधवल चित्रपटांची एक धारा निर्माण झाली. फ्रेंच समीक्षकांनी तिला ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. ‘ब्रूट फोर्स’ त्याच धारेतला. वेस्टगेट नावाच्या तुरुंगातील ‘आर १७’ या कोठडीतले कैदी पळून जाण्याचा बेत आखतात. त्यांचा म्होरक्या जो कॉलिन्स. ही भूमिका बर्ट लँकेस्टर यांची. बाहेर त्याची पत्नी कर्करोगाने आजारी आहे आणि तो जवळ असल्याशिवाय ती शस्त्रक्रियेस तयार नाही. त्याच्यासमोर उभा आहे तो पहारेकऱ्यांचा प्रमुख कॅप्टन मन्सी. ह्यूम क्रोनिन यांनी साकारलेला हा मन्सी ठेंगणा, नीटनेटका आणि मृदुभाषी आहे. त्याची दहशत आवाजात नसून अधिकारात आहे.

मन्सीची क्रूरता दोन प्रसंगांत पुरती उघडी होते. एका हळव्या कैद्याला तो सांगतो, की तुझी बायको तुला सोडते आहे. ते धादांत खोटे असते. कैदी गळफास लावून घेतो. दुसऱ्या प्रसंगी ग्रामोफोनवर वाग्नरचे संगीत लावून तो एका बांधलेल्या कैद्याला रबरी नळीने झोडपतो. महायुद्ध नुकतेच संपले असताना या संगीताचा रोख प्रेक्षकांना सांगावा लागला नसेल. तथापि आम्हांला पहिला प्रसंग अधिक भयंकर वाटतो. नळीने शरीर फुटते. त्या एका वाक्याने मात्र माणसाची उद्याची आशाच काढून घेतली.

येथवर आपली सहानुभूती कोठे असावी याविषयी शंका उरत नाही. परंतु चित्रपट आपल्याला तेथे स्वस्थ बसू देत नाही. मन्सीच्या सांगण्यावरून कॉलिन्सला खोट्या आरोपात गोवणाऱ्या विल्सन नावाच्या कैद्याला त्याचेच सोबती कारखान्यात पेटत्या ज्योतींनी रेटत नेतात आणि अवजड यंत्राखाली चिरडून मारतात. त्या क्षणी कॉलिन्स डॉक्टरांच्या खोलीत शांतपणे बसलेला असतो, कारण तो तेथे होता याला साक्षीदार हवा असतो. हा रागाच्या भरात झालेला खून नव्हे. मन्सीला शोभावा असा तो थंड डोक्याचा हिशेब आहे. बळाखाली वाकलेला माणूस अखेर त्याच बळाचे तंत्र शिकला आहे.

शेवट तर सर्वश्रुत शोकांतिकेचा. बेत फुटल्याचे ठाऊक असूनही कॉलिन्स मागे फिरत नाही. तो जखमी अवस्थेत मनोऱ्यावर चढतो आणि मन्सीला उचलून खाली खवळलेल्या जमावात फेकतो. पण दरवाजा उघडत नाही. तो फोडण्यासाठी सोबत्याने धडकवलेली मालमोटारच वाट अडवून बसलेली असते. कोणीही सुटत नाही. आणि तरीही मन्सी खाली पडतो तेव्हा प्रेक्षकाला समाधान वाटतेच. हे समाधान आपण नाकारू नये. ते न्यायाचे समाधान आहे की सूडाचे, एवढे मात्र स्वतःला विचारावे.

आमच्या मते येथे कारण आणि समर्थन यांत गल्लत होता कामा नये. मन्सी हे विल्सनच्या मृत्यूचे कारण आहे. ते त्या मृत्यूचे समर्थन नव्हे. उलट, मारणाऱ्यांचा दोष मान्य केल्याने मन्सीचा दोष तसूभरही कमी होत नाही. नैतिक जबाबदारी ही वडिलोपार्जित जमीन नव्हे, की भागीदार वाढले म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा घटावा. येथे ज्याच्या त्याच्या वाट्याला संपूर्ण भार येतो.

या भारातून पाहणारेही सुटत नाहीत. वेस्टगेटचा वॉर्डन दुबळा आहे आणि वरिष्ठांच्या धाकात आहे. तुरुंगाच्या डॉक्टरला सारे स्वच्छ दिसते. तो मन्सीला तोंडावर सुनावतो आणि पुन्हा मद्याच्या बाटलीकडे वळतो. सुशिक्षित, विचारी, वाचनप्रिय माणसांना या डॉक्टरची ओळख नव्याने करून द्यावी लागू नये. अचूक निदान करून स्वस्थ बसणे हा आपल्या वर्गाचा जुना आजार आहे.

मग हे चक्र तोडायचे कोणी? याचे एक उत्तर आपल्याच भाषेच्या परिसरात घडले आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिच्या प्रेरणेने ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ निर्माण केला. त्यातला जेलर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना उजाड माळावर नेतो आणि त्यांच्यावर विश्वास टाकतो. तेथे पळून जाणे सोपे आहे. त्यांना बांधून ठेवतात ते केवळ त्या माणसाचे डोळे.

या दोन चित्रपटांपैकी एक खरा आणि दुसरा भाबडा, असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु एक भेद ध्यानी घ्यावा. माळावरच्या प्रयोगात बळ प्रथम खाली ठेवले ते जेलरने, कैद्यांनी नव्हे. वेस्टगेटमध्ये संयमाची अपेक्षा केवळ कैद्यांकडून होती. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेले नाही त्याला क्षमेचा उपदेश करणे सोपे असते. तो उपदेश आधी ऐकायला हवा तो ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे त्याने. घरात, संस्थेत, दुकानात आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कोणाच्या ना कोणाच्या दाराची एखादी किल्ली असतेच. कॉलिन्सचा न्यायनिवाडा करण्यास बसण्यापूर्वी ती एकदा चाचपून पाहावी, एवढेच आमचे म्हणणे.