उघडता येईल तेच जुनं

मोहाडी, वरठी, करडी, आंधळगाव अशा भंडारा जिल्ह्यातल्या गावांत वेल्डिंगचं दुकान टाकू पाहणाऱ्या तरुणाला कधी ना कधी एक निरोप येतो. नागपूरकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून चारशे अँपिअरचं मशीन निघालंय, नव्याच्या निम्म्या किमतीत मिळतंय, बघतोस का? आयटीआयचा वर्षभराचा वेल्डर ट्रेड झालेला असतो, कुणा उस्तादाकडे हात बसलेला असतो, रस्त्याकडेला पत्र्याचं शेड मिळालेलं असतं. पैसा तेवढा बेताचा असतो. घ्यावं का ते मशीन?

घरातली मंडळी म्हणतात, दुसऱ्याचं दुखणं कशाला गळ्यात घेतोस? उस्ताद म्हणतो, जुन्या मशीनमध्ये माल असतो. दोघांचंही लक्ष मशीनच्या वयाकडे असतं. माझ्या मते वयाचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की हे मशीन उघडलं तर आत काय आहे ते कुणाला कळेल? मला, किंवा निदान माझ्या तालुक्यातल्या कुणाला? उत्तर ‘हो’ असेल तर जुनं घ्यावं. ‘नाही’ असेल तर निम्म्या किमतीतही घेऊ नये. हा एकच विचार इथे सावकाश उलगडायचा आहे.

सुरुवात किमतीपासून करू. जुनी वस्तू स्वस्त का मिळते? ती झिजलेली असते म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं, आणि पुढे २००१ मध्ये त्याला याच विषयावरच्या कामासाठी आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा म्हणून सगळ्याच गाड्यांना भीतभीत, मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला येत नाही, आणि बाजारात वाईट गाड्याच जास्त उरतात. म्हणजे जुन्या मालावर मिळणाऱ्या सवलतीचा मोठा भाग झिजेचा नसून घेणाऱ्याच्या अज्ञानाचा असतो. ज्याला पारख आहे त्याच्यासाठी ती सवलत खरी कमाई ठरते. ज्याला नाही त्याच्यासाठी तो केवळ जुगार. म्हणून मशीनच्या आतलं कळणं ही हौस नाही, तो व्यवहाराचा पाया आहे.

आता ते आतलं पाहू. कारखान्यातून निघणारी बरीचशी जुनी मशीनं ट्रान्सफॉर्मरची, तेलात बुडवलेली असतात. लोखंडी पत्र्यांचा एक गाभा, त्यावर दोन गुंडाळ्या. एका गुंडाळीत दोन फेजची ४१५ व्होल्ट वीज जाते, दुसरीतून ७०-८० व्होल्ट आणि भरपूर अँपिअर बाहेर येतात. करंट कमी-जास्त करायला हँडल फिरवलं, की गाभ्यातला एक भाग आत-बाहेर सरकतो. हे सगळं टाकीतल्या तेलात गार राहतं. यापलीकडे आत फारसं काही नाही.

असं मशीन म्हातारं कसं होतं? तांबं झिजत नाही, लोखंडही नाही. म्हातारं होतं ते तारेवरचं इन्सुलेशन, आणि त्याला मारते उष्णता. ट्रान्सफॉर्मरवर काम करणाऱ्या मॉन्टसिंगर या अभियंत्याने १९३० साली एक ठोकताळा दिला. तापमान ८ ते १० अंशांनी वाढलं, की इन्सुलेशनचं आयुष्य निम्म्यावर येतं. आजही तो वापरतात. त्यातून आपल्यासाठी एक सुखद हिशोब निघतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. चारशे अँपिअर झेपणारं मशीन आपण सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडसाठी ११० अँपिअरवर चालवलं, तर गुंडाळीत पूर्ण भाराच्या सुमारे तेराव्या हिश्श्याइतकीच उष्णता निर्माण होते. गाभ्याची उष्णता तेवढीच राहते, पण मारक भाग असतो तो गुंडाळीचा. कारखान्यात पाळ्यांवर पाळ्या राबलेलं मशीन छोट्या दुकानात आलं, की त्याचं उरलेलं आयुष्य असं लांबतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या भागात याला फार मोल आहे, कारण वेल्डिंग मशीनच्या नेमप्लेटवरचे आकडे साधारणपणे ४० अंशांची हवा धरून दिलेले असतात.

आणि बिघडलंच तर? मोहाडी तालुका धानाचा आहे. जिथे धान तिथे पंप, आणि जिथे पंप तिथे मोटर रिवाइंडिंगवाला असतोच. जळालेली गुंडाळी काढून नवी भरणं हे त्याचं रोजचं काम. वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरची तार जाड असते, फेरे कमी असतात, तेल बदलावं लागतं. पण विद्या तीच. या मशीनचं पोट आपल्या तालुक्यात उघडता येतं आणि शिवताही येतं.

इन्व्हर्टर मशीनचं तसं नाही. ते हलकं असतं, वीज कमी खातं, आर्क गुळगुळीत देतं. नवं घ्यायला ते उत्तमच आहे. पण जुनं झाल्यावर त्याच्या आत काय शिल्लक आहे ते बाहेरून दिसत नाही. बोर्डावरचे कपॅसिटर उष्णतेने आतल्या आत सुकतात. पॉवर स्विचिंगचे ट्रान्झिस्टर काल धडधाकट असतात आणि आज एका क्षणात जातात. ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्याच्या वाटेने आत जाऊन बोर्डावर बसते. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कमकुवत झालंय का, हे मेगर लावून मोजता येतं. बोर्डाचं उरलेलं आयुष्य सांगणारं असं सोपं साधन दुकानदाराच्या हातात नाही. बोर्ड गेला की नागपूरची वाट धरावी लागते, आणि ते मॉडेल कंपनीने बंद केलं असेल तर तिथेही हात हलवत परत यावं लागतं. वायर फीडर, गॅस आणि टॉर्चचं जंजाळ असलेल्या जुन्या सीओटू मशीनला तर हे दुपटीने लागू आहे. म्हणून माझं सांगणं असं: गुंतागुंतीचं यंत्र घ्यायचं तर नवं, वॉरंटीसह घ्यावं. जुनं घ्यायचं तर साधं घ्यावं.

पण साधं आणि दणकट म्हणजे आपल्या कामाचं, असं लगेच ठरत नाही. मोहाडीतलं काम डोळ्यांसमोर आणू. रोवणीच्या आधी बांधीत चिखलणी करायला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. त्यांच्या पट्ट्या सुटतात, रिंगा वाकतात. बावनथडी प्रकल्पाचं पाणी पोचतं तिथे उन्हाळी धानासाठी हेच काम हिवाळ्याच्या शेवटी पुन्हा निघतं. दिवाळीच्या सुमारास थ्रेशर आणि ट्रॉल्या येतात: ट्रॉलीचा हुक, चेसिस, फाळका. तुमसरकडच्या राइस मिलचे एलिव्हेटर आणि हॉपर असतात. हे सगळं जाड लोखंड. इथे चार मिलिमीटरचा रॉड, दीडशे-पावणेदोनशे अँपिअर लागतात, आणि मोठं ट्रान्सफॉर्मर मशीन त्यासाठीच असतं.

वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मात्र दुकान चालतं ते गेट, ग्रिल आणि खिडक्यांवर. त्यातला चौकोनी पाइप सोळा गेजचा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडा वर, कधी त्याहूनही पातळ. त्याला बारीक रॉड आणि साठ-सत्तर अँपिअर पुरतात. चारशे अँपिअरच्या काही मशीनचं हँडल शेवटपर्यंत फिरवलं तरी करंट एवढा खाली येत नाही, आणि पाइपला भोक पडतं. तेव्हा नेमप्लेटवर मोठा आकडा वाचून हरखून जाण्याआधी लहान आकडा वाचावा. ज्याच्याकडे नुसतं ग्रिलचं काम आहे, ज्याला मशीन मोटारसायकलवर टाकून लोकांच्या घरी जावं लागतं, त्याने जुन्या धुडाच्या वाटेला जाऊच नये.

मग वीज. ट्रान्सफॉर्मर मशीन विजेच्या बाबतीत उधळं असतं. १२० अँपिअरवर आर्कमध्ये खरी शक्ती साधारण तीन किलोवॅट लागते. पण ८० व्होल्ट रिकाम्या दाबाचं, म्हणजे आर्क पेटलेला नसताना ८० व्होल्ट देणारं मशीन त्यासाठी लाइनवरून सुमारे साडेनऊ केव्हीए, म्हणजे ४१५ व्होल्टवर २३ अँपिअरच्या आसपास ओढतं. इन्व्हर्टर तेच काम जवळपास निम्म्या केव्हीएत करतो. म्हणून सौदा करण्याआधी महावितरणकडून थ्री फेज जोडणी आणि पुरेसा मंजूर भार मिळेल का, त्याचा खर्च किती, हे विचारून घ्यावं. तो खर्च मशीनच्याच किमतीत धरावा. गावाच्या टोकाला व्होल्टेज किती मिळतं तेही दुपारी मोजावं. ४१५ च्या जागी ३५० मिळत असेल, तर मशीनचे ७५ व्होल्ट ६३ वर येतात. मग रॉड चिकटतो, आर्क धरत नाही, आणि दोष मशीनला लागतो.

आता प्रत्यक्ष पारख. बैलबाजारात शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, पण जमलं तर औताला जुंपल्याशिवाय पैसे मोजत नाही. इथेही क्रम तोच. आधी नेमप्लेट: व्होल्ट, करंटची कमाल आणि किमान मर्यादा, ड्यूटी सायकल. ४०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल, तर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क चालवायची मुभा आहे. नेमप्लेटच नसेल तर भाव भंगाराचा. मग टाकीचं झाकण उघडावं. तेल काळं पडलंय का, जळकट वास येतो का, तळाशी पाणी आहे का, टाकीचे सांधे पाझरतात का हे बघावं. गुंडाळीच्या टोकाचा वार्निश खरवडून तांबं की अ‍ॅल्युमिनियम ते पाहावं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं. त्याचं मशीन टाकाऊ नसतं, पण त्याला तांब्याचा भाव देऊ नये.

यानंतर ५०० व्होल्टचा मेगर. रिवाइंडिंगवाल्याकडे तो असतोच. त्यालाच सोबत न्यावं, दिवसाची मजुरी द्यावी. दोन्ही गुंडाळ्यांच्या दरम्यान निदान ५ मेगाओहम आणि प्रत्येक गुंडाळी व बॉडी यांत निदान अडीच मेगाओहम, ही आंतरराष्ट्रीय मानकातली किमान मर्यादा आहे. यात पहिला आकडा प्राणाचा आहे, कारण तिथलं इन्सुलेशन फुटलं तर ४१५ व्होल्टची वीज थेट होल्डरपर्यंत येऊ शकते. मशीन ठणठणीत असलं तरी ८० व्होल्टचा एसी निरुपद्रवी नसतो. विजेचा धोका जास्त असलेल्या जागांसाठी एसी मशीनच्या रिकाम्या दाबाची मर्यादा मानकांनी ४८ व्होल्टवर आणलेली आहे. भर पावसाळ्यात चिखलाने माखलेलं केजव्हील, ओली जमीन, घामाने भिजलेले हात: आपली जागा त्याच प्रकारची. कोरडे हातमोजे, रबरी तळव्याचे बूट, पायाखाली लाकडी फळी, धड केबल आणि नीट अर्थिंग यांचे पैसे मशीनच्या सौद्यातून वाचवायचे नसतात.

शेवटी औताला जुंपणं. चार मिलिमीटरचे रॉड १६० अँपिअरवर एकामागून एक जाळावेत, क्लॅम्प मीटर लावून करंट बघावा, मग हँडल खाली आणून पातळ पाइपवर टाका मारून बघावा. विकणारा एवढं करू देत नसेल तर त्याचं कारण समजून घ्यावं. सरकारी उपक्रमांचा जुना माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात निघतो. तिथे ‘जसं आहे, जिथे आहे’ ही अट असते, म्हणजे नंतरची तक्रार चालत नाही. अशा ठिकाणी गुंडाळी नव्याने भरायची आहे असं धरूनच बोली लावावी.

पैशाचा हिशोबही याच विचारातून मांडायचा. जुन्या मशीनची किंमत म्हणजे सौद्याची रक्कम, वाहतूक, जोडणीचा खर्च आणि एका पूर्ण रिवाइंडिंगचा खर्च. ही बेरीज नव्या मशीनच्या बरीच खाली राहत असेल तरच तो सौदा. रिवाइंडिंगचे पैसे वेगळे काढून ठेवावेत, दुसऱ्या कशाला लावू नयेत. बिल मागावं. कारखान्यातल्या मालाला बिल नसेल तर उद्या त्याच्या मालकीवरच प्रश्न येऊ शकतो. आणि ज्याला मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज काढायचं आहे, त्याने लक्षात ठेवावं की बँक कोटेशन मागते. ते नव्या मालाचं सहज मिळतं, भंगाराच्या दुकानातून मिळत नाही. हातात रोख नसेल तर नवं छोटं इन्व्हर्टर मशीन हाच सरळ मार्ग.

वेळही पाहावी. रोवणीच्या दिवसांत दुकान दोन दिवस बंद राहिलं तर दोन दिवसांची मजुरी जाते एवढंच होत नाही. ट्रॅक्टरवाला थांबू शकत नाही, त्याचे पऱ्हे तयार असतात. तो तुमसरला किंवा भंडाऱ्याला जातो, आणि तिथे त्याची ओळख झाली की पुढच्या हंगामातही तिकडेच जातो. म्हणून जुनं मशीन घ्यायचं ते उन्हाळ्यात. तेल बदलून, सांधे आवळून, उन्हाच्या कडाक्यात महिनाभर राबवून त्याचे दोष मृगाआधी बाहेर काढावेत.

तेव्हा तो निरोप आलेल्या तरुणाला माझं उत्तर असं. मशीन ट्रान्सफॉर्मरचं आहे, उघडून पाहता येतं, मेगरला उतरलं, रॉड जाळून दाखवला, थ्री फेज मिळतेय, जाड काम हाताशी आहे आणि रिवाइंडिंगचे पैसे धरूनही परवडतंय: खुशाल घे. पहिली दोन कलमं किंवा जाड कामाचं कलम अडलं तर घेऊच नको, बाकीचं एखादं अडलं तर तेवढा भाव उतरव, आणि मेगरचं कलम अडलं तर भंगाराच्या वजनावर बोल. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात रिवाइंडिंगवाल्याला बोलावून मशीन पुन्हा एकदा पूर्ण उघड, आणि तो काय करतो ते शेजारी बसून शीक. सौद्याच्या दिवशी विकणाऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तो फरक मिटवणं आता तुझ्याच हातात आहे. तो मिटला की सवलत खऱ्या अर्थाने तुझी झाली, आणि पुढचं जुनं यंत्र पारखायला तुला दुसरा कुणी न्यावा लागणार नाही.