लांबी वाढते, उजेड तेवढाच

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. डी ५०० कॅमेरा आणि २००-५००ची निकॉन लेन्स घेऊन तू पक्ष्यांमागे हिंडतेस, हे वाचून फार बरं वाटलं. आता विचारतेस की ५०० मिमी कमी पडते, तर १.४चा टेलिकन्व्हर्टर घेऊ की एकदम २चा? आधी उत्तर देऊन टाकतो. या लेन्सवर २चा घेऊ नकोस. १.४चा घ्यावा की नाही, हे तू फोटो कशाचे काढतेस आणि किती वाजता काढतेस यावर आहे.

तुझी लेन्स २०१५ साली आली. सबंध झूमभर ५.६ ऍपर्चर देणारी इतकी लांब लेन्स सामान्य खिशाला क्वचितच परवडते, म्हणून ती आपल्याकडे एवढ्या हातांत दिसते. पण ५००ला ५.६ने भागून बघ. साधारण ८९ येतात. उजेडाला आत यायला ८९ मिमी व्यासाचं दार आहे, बस. मागे १.४चा कन्व्हर्टर लावलास की लांबी ७०० होते, दार मात्र ८९च राहतं आणि ऍपर्चर ८वर येतं. २चा लावलास तर १००० मिमी आणि ११. भाकरीचं पीठ तेवढंच ठेवून ती मोठी थापली की पातळ होणारच.

इथे एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो, तो तू धरून बसू नकोस. कन्व्हर्टर उजेड खातो म्हणतात. त्याच्या काचा खातात तो अगदी थोडा. पक्ष्याकडून आलेला उजेड जवळजवळ सगळाच सेन्सरवर पोचतो, फक्त जास्त जागेवर पसरतो. म्हणून शटर तेच ठेवून, आयएसओ दुप्पट करून १.४च्या कन्व्हर्टरने काढलेला फोटो आणि कन्व्हर्टरशिवाय काढून तेवढाच क्रॉप केलेला फोटो एकाच आकारात शेजारी ठेवलेस, तर दाणे जवळपास सारखेच दिसतात. फरक पडला तर तो पिसांच्या रेघांत पडतो. सगळा हिशेब त्या रेघांचा आहे.

लेन्स कितीही चांगली असली तरी प्रकाशाच्या बिंदूची ती बारीकशी चकती करते, आणि ऍपर्चरचा आकडा जेवढा मोठा तेवढी चकती मोठी. ५.६ला ती साडेसात मायक्रॉनची असते, ८ला पावणेअकराची, ११ला जवळपास पंधराची. तुझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ४.२ मायक्रॉनचा. म्हणजे ५.६ला चकती दोन पिक्सेलमध्ये मावते आणि लेन्स जे दाखवते ते वाचायला तुझे पिक्सेल थोडे कमीच पडतात. १.४ने ही उणीव भरून निघते. २चा लावला की एकेक चकती साडेतीन पिक्सेल व्यापते. तिथे चित्र मोठं होतं, पण त्यात नवं काही येत नाही. शिवाय लेन्सचा स्वतःचा मऊपणाही तेवढ्याच पटीने वाढतो, हाताची थरथरही.

आता खंड्याचं उदाहरण घे. सोळा सेंटिमीटरचा तो निळा लहान खंड्या १५ मीटरवर काठीवर बसलाय. ५०० मिमीला तो तुझ्या फ्रेममध्ये १२७० पिक्सेल लांब येतो आणि ७००ला १७८०. पण तूच साडेदहा-अकरा मीटरवर असलीस, तर कन्व्हर्टर न लावता तो तेवढाच मोठा येतो. चार-साडेचार मीटर, म्हणजे सहा-सात पावलं. त्या पावलांनी ऍपर्चर ५.६च राहतं, फोकस पूर्ण वेगाने चालतो आणि मधली हवाही कमी होते. कन्व्हर्टरच्या किमतीचा विचार करताना ही पावलं डोळ्यांसमोर ठेव.

पावलं टाकायची म्हणजे पक्ष्याच्या मागे लागायचं नाही, हे तुला वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. भिगवणला कुंभारगावच्या काठावरून होडीत बसलीस की नावाड्याला आधीच सांगून ठेव, ‘दादा, थोडं अलीकडेच इंजिन बंद करा, पुढे बांबूने जाऊ.’ तिथले नावाडी पक्षी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात. कुठला थवा बिथरलाय आणि कुठला निवांत चरतोय, हे त्यांना लांबून कळतं. उजनीचं पाणी ओसरून चिखल उघडा पडला की रोहित पक्षी त्यात डोकं खाली घालून तासन्‌तास चरत असतात. होडी त्यांच्यात घुसवली तर उडतानाचा एक फोटो मिळतो आणि अख्ख्या थव्याचं चरणं मोडतं. त्यापेक्षा होडी थांबवून, तिच्या कडेवर तांदळाची पिशवी टेकवून, त्यावर लेन्स ठेवून वाट बघ. बरेचदा तेच चरत चरत तुझ्याकडे येतात. आणि जिथे थव्याने मान वर करून बघायला सुरुवात केली, तिथे पुढे जायचंच नाही. मग १.४चा लाव आणि आहे त्या जागेवरून काढ. कन्व्हर्टरचा मला पटलेला सगळ्यांत मोठा उपयोग हाच.

मात्र तोही सकाळीच. हिवाळ्यात सूर्य वर आल्यावर पहिले दोन तास हवा स्थिर असते. नऊ-साडेनऊनंतर पाणी आणि चिखल तापायला लागले की झळा उठतात. शंभर मीटरवरचा रोहित तेव्हा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. मग ५०० काय आणि ७०० काय, लेन्स जेवढी लांब तेवढ्या झळा मोठ्या. पुष्कळ लोक हे बघून कन्व्हर्टरला नावं ठेवतात, लेन्स दुकानात तपासायला देतात, आणि दोष असतो मधल्या हवेचा. तशा वेळी लांबचं सोडून दे आणि जवळचा शेकाट्या काढ.

फोकसचं एक तुझ्या कॅमेऱ्यापुरतं लिहितो. डीएसएलआरचा फोकस लेन्सच्या दोन कडांकडून आलेल्या उजेडाची तुलना करून चालतो. ऍपर्चरचा आकडा वाढला की सेन्सरवरून बघता त्या कडा एकमेकींजवळ येतात आणि ठरावीक मर्यादेनंतर तुलना जमत नाही. बहुतेक डीएसएलआरमध्ये ही मर्यादा ५.६ची. डी ५००च्या १५३ फोकस बिंदूंपैकी १५ बिंदू ८लाही चालतात. तेवढ्या मधल्या बिंदूंवर भागवायचं, कमी उजेडात फोकस इकडेतिकडे शोधत राहणार हेही धरून चालायचं. २च्या कन्व्हर्टरने ११ झालं की तिथे ऑटोफोकसची आशाच नको. मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण बरीच दूर केली. कॅननने २०२० साली ६०० आणि ८०० मिमीच्या लेन्सा चक्क ११ ऍपर्चरच्या काढल्या आणि त्या ऑटोफोकसने चालतात. सोनीच्या २००-६००वर १.४ लावून ८४० मिमी आणि ९ ऍपर्चरवर उडते पक्षी टिपणारे पुष्कळ आहेत. पण फोकस लागला म्हणून पहाटेचा उजेड वाढत नाही.

ताडोबाला जाशील तेव्हा कन्व्हर्टर घरीच ठेव. बांबूच्या सावलीत ५.६लाच आयएसओ पाच-सहा हजारांवर जातो, त्यात आणखी एक स्टॉप गमावून काय साधणार? आणि जिप्सीच्या धुरळ्यात कन्व्हर्टर काढ-घाल करणं म्हणजे सेन्सरवर माती ओढवून घेणं.

एक उपयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. कन्व्हर्टर लावला तरी लेन्सचं सर्वांत जवळच्या फोकसचं अंतर बदलत नाही. तुझ्या लेन्सचं ते २.२ मीटर आहे. तिथे वस्तू सेन्सरवर मूळच्या ०.२२ पट उमटते, १.४ लावला की ०.३१ पट. सव्वादोन मीटरवरून फुलपाखरू, चतुर, बेडूक काढायला हे उत्तम. अंतर ठेवल्यामुळे किडा उडत नाही, आणि कासच्या पठारावर वाटेवरूनच, फुलांत पाय न टाकता, आतल्या फुलाचा फोटो मिळतो. चंद्रालाही कन्व्हर्टर चालतो. ७०० मिमीला तो सेन्सरवर साडेसहा मिमीच्या आसपास येतो, आणि त्याच्यावर ऊनच पडलेलं असल्याने उजेडाची चणचण नसते. फक्त स्टँड पक्का हवा.

विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आण. पुण्यात मिळतो. टीसी-१४ई, तिसरी आवृत्ती माग. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त दाखवला तर तो या लेन्सवर या कॅमेऱ्यात फोकस करतो का, ते लावूनच बघ. पहिल्या दिवशी सकाळी गच्चीवर, उन्हात, १५ मीटरवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटव. कॅमेरा स्टँडवर, थरथर आवरणारं व्हीआर बंद, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून, शटर टायमरने. कन्व्हर्टरशिवाय ५.६ आणि ८, कन्व्हर्टरसह ८ आणि ११, प्रत्येकी तीन-चार फोटो घे. मग कन्व्हर्टरशिवायचे फोटो संगणकावर १४० टक्क्यांपर्यंत मोठे करून शेजारी लाव आणि सगळ्यांत बारीक अक्षर कशात वाचता येतं ते बघ. क्रॉपमध्येही तेवढंच वाचता आलं, तर तो परत दे आणि ते पैसे भिगवणच्या होडीला घाल. कन्व्हर्टरने जास्त वाचता आलं, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या व्ह्यूफाइंडरच्या फोकसने तेच कर. फोकस पुढेमागे पडत असेल तर कॅमेऱ्यातलं फाइन ट्यून कन्व्हर्टरसकट वेगळं करावं लागेल. ते कसं करायचं, फोनवर सांगेन.

चाचणीचे फोटो न कापता, मूळ फाइलीच पाठव. आईला सांग, दिवाळीत येतोय.

तुझा,
मामा