दान, आहेर की देणे?

हल्ली आपल्या खेड्यापाड्यांतून नवी शाळाखोली, पाण्याची टाकी किंवा फिरत्या दवाखान्याची गाडी दृष्टीस पडली, की तिच्यावर कोणत्या तरी मोठ्या कंपनीचे नाव ठळक अक्षरांनी लिहिलेले आढळते. कित्येक ठिकाणी टाकीतले पाणी आटते, पण नाव मात्र पुसले जात नाही. ते पाहून एक जण म्हणतो, "केवढे हे औदार्य!" दुसरा म्हणतो, "औदार्य कसले? ही भिंतीवरची जाहिरात." आणि दोघेही त्याच नळावर घागर भरतात. ह्या वादात आम्हांस असे दिसते की, दोघांच्याही मनात शब्दांचा घोटाळा झालेला आहे. आणि तो उलगडल्यावाचून ह्या प्रश्नाचा निकाल लागणे कठीण.

आपल्या भाषेत देण्याचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या नावांनी ओळखले जातात. लग्नात आपण भांडे देतो ते दान नव्हे, तो आहेर. त्या भांड्यावर आपण आपले नाव घालून देतो आणि घेणारा वहीत टिपून ठेवितो, कारण आपल्या घरचे कार्य निघाले म्हणजे तितक्याच तोलाचे भांडे परत यावयाचे असते. ह्यात लबाडी मुळीच नाही. सर्वांस ठाऊक असलेला तो व्यवहार आहे. सावकाराचे पैसे परत केले तर ते देणे. त्याबद्दल कोणी हारतुरे मागू लागल्यास लोक हसतील. आणि ज्याची फेड होण्याची आशा न धरिता, स्वतःस काही उणे करून दिले, तेवढेच दान. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेस प्रभूने इतरांहून थोर ठरविले ते ह्याच मापाने; रकमेच्या मापाने नव्हे.

आता कंपन्यांच्या देणग्या ह्यांपैकी कोणत्या सदरात पडतात ते पाहू. आपल्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, ह्यांपैकी एखाद्या मर्यादेस पोहोचतो, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च केले पाहिजेत. सर्वत्र सीएसआर म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते हेच. आरंभी पैसा खर्च न झाल्यास कारण सांगून सुटता येत असे. २०२१ पासून शिल्लक रक्कम ठरलेल्या निधीत भरावी लागते, न भरल्यास दंड आहे. तेव्हा ह्या २ टक्क्यांपुरते तरी उत्तर सरळ आहे. ते दान नव्हे आणि जाहिरातही नव्हे. ते देणे आहे. ज्या समाजाचे रस्ते, पाणी आणि मजूर वापरून नफा झाला, त्या समाजाचे देणे. कायदा करणाऱ्यांसही मनुष्याच्या, अथवा कंपनीच्या, मोहाची जाणीव होती असे दिसते. कारण केवळ आपल्या नोकरांच्या लाभाचे काम, आणि मालाचा खप वाढावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व, ही दोन्ही ह्या हिशेबात धरू नयेत असे नियमांत सांगितले आहे.

येथे कोणी म्हणेल, कायद्याहून अधिक देणाऱ्या कंपन्याही आहेतच, त्यांस तरी दाते म्हणाल की नाही? प्रश्न योग्य आहे. तथापि कंपनी स्वतः उपाशी राहू शकत नाही. जो अधिकारी धनादेशावर सही करितो त्याच्या ताटातील घास कमी होत नाही. पैसा भागधारकांचा असतो. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन ह्यांनी १९७० साली हाच आक्षेप जोराने मांडिला होता, की व्यवस्थापकाने दुसऱ्याच्या पैशाने परोपकार करू नये. त्यांचा सर्वच निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. परंतु त्यागाचा मान ज्याने त्याग केला त्यासच मिळावा, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. शिवाय कंत्राटी मजुराची मजुरी कापून त्याच्याच मुलास दप्तर वाटणाऱ्या कंपनीचे दप्तर कितीही सुरेख असो, अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी याकोबाच्या पत्रात काय लिहिले आहे ते वाचकांनी काढून पाहावे.

जाहिरातीचे उघडे रूप पाहावयाचे तर फिलिप मॉरिस ह्या सिगारेट कंपनीचा दाखला घ्यावा. १९९९ साली तिने सुमारे साडेसात कोटी डॉलर लोकोपयोगी कामांस दिले आणि आपण दिले हे जगास कळावे म्हणून सुमारे दहा कोटी डॉलर जाहिरातींवर खर्चिले. कर्णा दानाहून महाग पडला! असे असले तरी नाव दिसले म्हणजे हेतू वाईट, असेही धरून चालू नये. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या पाटीवर जमशेटजी टाटांचे नाव नाही, आणि तरीही १९०९ साली उघडलेल्या त्या संस्थेस तेथील लोक आजतागायत टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. कृतज्ञ लोकांनी आपण होऊन घेतलेले नाव आणि दात्याने रंगवून घेतलेले नाव ह्यांत अंतर आहे.

परंतु देणाऱ्याच्या अंतःकरणाची झडती घेणे आमच्या हाती नाही. आमच्या मंडळ्यांपुढे खरा प्रश्न घेणाऱ्याचा आहे, आणि ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातील मिशनशी निकट संबंध असलेली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १८१३ साली ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईस उतरले आणि ज्याच्या मराठी मिशनचे कार्य पुढे अहमदनगरकडे वाढले, त्याच बोर्डाने १९०५ साली स्टँडर्ड ऑइल कंपनीचे धनी जॉन रॉकफेलर ह्यांजकडून एक लक्ष डॉलरची देणगी घेतली. रॉकफेलर ह्यांचे दातृत्व दिखाऊ होते असे म्हणवत नाही. १८५५ साली पहिली नोकरी लागली तेव्हापासून, तुटपुंज्या पगारातून दिलेल्या दानाची नोंद त्यांच्या वहीत आहे. परंतु त्यांच्या कंपनीने रेल्वेशी गुप्त सवलतींचे करार करून लहान व्यापारी बुडविले, हेही इडा टारबेल ह्या लेखिकेने नुकतेच उजेडात आणिले होते. काँग्रिगेशनल मंडळीचे पुढारी वॉशिंग्टन ग्लॅडन ह्यांनी ह्या डागाळलेल्या पैशाविरुद्ध आवाज उठविला. त्यांचे म्हणणे असे की, ज्या अन्यायाचा आपण निषेध करावयाचा, त्याच्याच हातून पोटगी घेतल्यास निषेध कोणत्या तोंडाने करणार? गंमत पुढेच आहे. ही देणगी बोर्डाच्या कारभाऱ्यांनी स्वतःच खटपट करून मागितली होती, असे नंतर बाहेर आले! पैसा परत गेला नाही.

ह्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. यहूदाने फेकून दिलेली तीस रुपयांची नाणी रक्ताचे मोल म्हणून याजकांनी भांडारात टाकिली नाहीत, पण त्यांतून परक्यांना पुरण्यासाठी शेत विकत घेतलेच. नाण्यास पाप चिकटत नाही. शाळेचे छप्पर कोणाच्या पैशाचे आहे हे पावसास कळत नाही. म्हणून सरसकट नकार द्यावा असे आम्ही म्हणत नाही. पण ग्लॅडन ह्यांची तोंडाविषयीची भीती खोटी नव्हती. १९९४ साली न्यूयॉर्क शहरात सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी घालण्याचा विचार चालला असता, वर सांगितलेल्या सिगारेट कंपनीने आपल्या देणग्यांवर चालणाऱ्या कलासंस्थांस, तुम्ही आमच्या बाजूने शब्द टाका, अशी विनंती केली. वर्षानुवर्षे दिलेले भांडे आहेराचे होते, हे त्या दिवशी कळले. आपल्याकडेही हेच घडू शकते. कारखान्याच्या सांडपाण्याने ओढा काळा पडला, आणि मंडळीच्या शाळेस बाके त्याच कारखान्याने दिलेली आहेत. अशा वेळी पंचांच्या सभेत कोण प्रथम तोंड उघडील?

तेव्हा एखादी कंपनी देणगी घेऊन आली तर पंचांनी तिचा आदराने स्वीकार करण्यापूर्वी, ह्या देणगीमुळे कोणत्याही विषयावर बोलण्याची आमची मोकळीक कमी होणार नाही, असा ठराव नोंदवहीत लिहून त्याची प्रत कंपनीस द्यावी. जी कंपनी तेवढ्यावरून परत फिरेल तिचा उद्देश तिनेच सांगितला असे समजावे. त्याचप्रमाणे कायद्याने ह्या खर्चाचा तपशील कंपनीच्या वार्षिक अहवालात द्यावा लागतो, आणि मंजूर कामांची माहिती तिच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलामुलीकडून ती काढवून ग्रामसभेत मोठ्याने वाचवून घ्यावी; आपल्या गावच्या नावे किती रुपये दाखविले आहेत, आणि टाकीस किती लागले असतील, ह्याचा अंदाज गावच्या गवंड्यास सहज करता येईल.