कुंपणाआडची शाळा

कायदा मोडून शिकवणारा मास्तर गुन्हेगार की गुरू? आपण चटकन 'गुरू' म्हणून मोकळे होतो. आयर्लंडमधल्या 'हेज स्कूल'ची हकीकत वाचल्यावर माझे उत्तर अडखळले.

१६९५ साली डब्लिनच्या संसदेने कायदा केला: कॅथलिकाने शाळा चालवायची नाही, मुलाला शिकायला परदेशीही धाडायचे नाही. कॅथलिक बहुसंख्य, सत्ता मूठभर प्रॉटेस्टंटांची. मग मास्तर पोरांना घेऊन शेताच्या कुंपणाआड बसू लागले. एक पोरगा टेहळणीला उभा. थंडी-पावसात कुणाचा गोठा, नाहीतर मातीचे खोपटे. फी म्हणून चार पैसे, लोणी किंवा चुलीचे जळण.

दुसरीकडे १७३३ नंतर सनदी शाळा निघाल्या. अन्न, कपडा, शिक्षण फुकट. अट एवढीच, की गरिबाचे पोर प्रॉटेस्टंट म्हणून वाढेल. उपाशी बापापुढे पोट आणि ईमान असे समोरासमोर मांडणे, यालाच मी खरा गुन्हा म्हणेन. आणि पोट तरी कुठे भरत होते? तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांनी १७८० च्या दशकात या शाळा पाहिल्या, तेव्हा मुले आजारी आणि हलाखीत आढळली.

म्हणून कुंपणाआडच्या मास्तरला वली ठरवू नये. अशाच शाळांत शिकलेला लेखक विल्यम कार्लटन त्यांची दारू आणि छडी दोन्ही दाखवतो. तरीही, १७८२ पासून कायदा सैल झाल्यावरही लोकांनी या शाळा सोडल्या नाहीत. १८२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत सुमारे ११,००० शाळांपैकी ९,००० च्या आसपास याच जातीच्या निघाल्या.

पण आईबाप पैसे मोजत होते ते बरेचसे इंग्रजी आणि हिशोबासाठी. बाजार, कोर्ट, परदेशची वाट, सगळे इंग्रजीत. ईमान राखले, जबान मात्र निसटत गेली. १८३१ च्या सरकारी शाळांत आयरिशला जागाच नव्हती, १८४५ नंतरच्या दुष्काळाने ती बोलणारेच नेले. १८५१ च्या जनगणनेत ती जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या तोंडी उरली. त्या बापांना मी दोष देऊ शकत नाही. पोराला जगवायचे होते. पण त्यांनी काहीच गमावले नाही, असेही म्हणवत नाही.

क्लेअर परगण्यातल्या फीकलचा मास्तर ब्रायन मेरीमन याने १७८० च्या सुमारास आयरिशमध्ये हजारावर ओळींचे काव्य रचले. पुढे लिमरिक शहरात तो शिकवत होता, ते गणित.