वर्ख आणि मुलामा

जपानमधल्या कानाझावा शहरी गेलेला प्रवासी सोने खातो. हिगाशी चाया या जुन्या वस्तीत, लाकडी जाळ्यांच्या चहाघरांच्या रांगेत, आइस्क्रीमवर सोन्याचा अख्खा वर्ख चढवून हातात देतात. सोन्याला चव नाही, वास नाही, पोटाला त्याचा उपयोगही नाही. तरी लोक ते आनंदाने खातात. यावर नाक मुरडणे सोपे आहे. ‘नुसता देखावा!’ असे म्हटले की निकाल लागला. मला मात्र हा खटला इतक्या घाईने मिटवावासा वाटत नाही. वरवरचे जे जे असते, ते सारे खोटेच असते काय?

आपल्या भाषेचा कल तर उघड आहे. मुलामा, वरपांगी, दिखाऊ, या साऱ्याच शब्दांना संशयाचा वास येतो. वरच्या रंगाला भुलू नका, हे संतांचे सांगणे आपण मनोमन मानतो. पण तेच आपण बर्फीवरचा चांदीचा वर्ख पाहून खूष होतो, आणि त्यासाठी हलवायाला कोणी लबाड म्हणत नाही. असे का, याचे उत्तर मला कानाझावाच्या वर्खात सापडते.

हे शहर होन्शू बेटाच्या जपानी समुद्राकडच्या अंगाला आहे. १५८३ साली माएदा तोशीइए इथल्या किल्ल्यात आला आणि पुढे मेइजी क्रांतीपर्यंत त्याच्या घराण्याने इथे राज्य केले. मुलूख मोठा सधन होता. पण पैसा शस्त्रांत घातला असता तर एदोच्या शोगुनाला संशय आला असता. म्हणून माएदांनी तो कलाकुसरीकडे वळविला, असे सांगतात. वर्ख ठोकण्यावरही शोगुनाचे निर्बंध होते, तरी इथे तो गुपचूप ठोकला जाई. आज जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच एका गावात होतो.

त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहाहजारावा भाग. हिशेब केला तर दहा ग्रॅम सोन्यात जवळपास पाच चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीची जमीन झाकून निघते. तो बोटाने उचलता येत नाही. बांबूच्या चिमट्याने धरायचा आणि फुंकरीने सारखा करायचा. ही किमया सोन्याइतकीच कागदाची आहे. गाम्पीच्या झुडपाचा हातकागद राखेचे पाणी, अंडे आणि आपल्या टेंभुर्णीच्या जातीतल्या काकी फळाचा तुरट रस यांत भिजवून पुन्हा पुन्हा ठोकतात. असे खपल्यावर तो कागद सोने पोटाशी धरून घाव सोसण्याजोगा होतो. विकत घेतलेल्या वर्खात या श्रमांचा मागमूसही नसतो. झिजलेला कागद मात्र वाया जात नसे. गेइशा आणि नाटकातले नट चेहऱ्यावरचे तेल टिपायला तो वापरीत. २०२० साली युनेस्कोने जपानी लाकडी वास्तूंच्या जतनाचे कसब आपल्या वारशात घेतले, त्यात वर्खाची ही जुनी रीतही आहे.

म्हणजे वर्ख पातळ असला, तरी त्यामागचे कष्ट पातळ नाहीत. पण कष्ट तर खोटी नाणी पाडणाराही घेतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. म्हणून मला दुसरी कसोटी अधिक मोलाची वाटते : वर्ख काय सांगतो? तिथल्या घरांत बुत्सुदान नावाचा पूर्वजांचा देव्हारा असतो. त्याला आतून सोन्याचा वर्ख लावतात. आत लाकूड आहे हे घरातले पोरही जाणते. तो वर्ख लाकडाला सोने म्हणवीत नाही. मृतांविषयीचा आदर तेवढा सांगतो. पितळेला मुलामा देऊन सोन्याच्या भावाने विकणारा लबाड ठरतो तो त्याच्या बोलण्याने. मुलाम्याचा त्यात दोष नाही.

आणि तिसरी कसोटी ऊनपावसाची. क्योतोचे सुवर्णमंदिर १९५० साली जळाले, १९५५ साली पुन्हा उभे राहिले. पण त्याचा वर्ख थोड्याच वर्षांत उडू लागला. शेवटी १९८७ साली नेहमीच्या पाचपट जाडीचा वर्ख चढवावा लागला. देव्हाऱ्यात जे पातळपण शोभते, ते उघड्यावर टिकत नाही. जितके सोसायचे, तितकी जाडी हवी.

कानाझावाचे जिबुनी नावाचे कालवण करताना बदकाच्या मांसाला पीठ चोळतात. त्या आवरणाने मांसाचा रस आत राहतो आणि कालवणही दाट होते. आवरण हे नेहमी लपविण्यासाठीच असते असे नाही. काही आवरणे आतले जपतात.

हे सारे मनात येते ते दिवाळीच्या तोंडावर. वर्ष ओढगस्तीचे गेलेले असते, घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असते, आणि तरीही गृहिणी दाराशी रांगोळी काढते, पोरांपुढे हसरा चेहरा ठेवते. ते हसू पातळ असेल. पण ‘आम्हांला दुःख नाही’ असे ते म्हणत नाही. ‘तुमच्यासाठी आजचा दिवस गोड असो’ एवढेच म्हणते. त्यात खोटे काय? मात्र पाहुणे गेल्यावर त्या हसण्याखाली काय आहे, हे विचारणारे एक तरी माणूस तिच्या घरात असावे. एकट्या वर्खावर वर्षभराचे ऊनपाऊस सोसायची वेळ कोणावर येऊ नये.