गमत नाही

2025च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. डोक्यावरून हात फिरवला की पुंजका हातात यायचा आणि काही दिवसांतच टक्कल पडायचे. बोंडगाव, कालवड ही गावे तोवर तालुक्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. आठवडाभरात त्यांची नावे दिल्लीपर्यंत गेली. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने घेतले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावात आली. विंचूदंशावरच्या कामामुळे सर्वांना माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले आणि त्यावरून बरीच चर्चा झडली. पुढे काहींची नखेही गळू लागली.

काहींनी लाजेपोटी डोके भादरून घेतले, असेही त्या बातम्यांत होते. त्या एका वाक्यावरून सगळे पुढे सरकले. केसांसाठी प्रयोगशाळा होती, पाण्यासाठी होती, गव्हासाठीही निघाली. आरशात पाहवत नाही म्हणून घराबाहेर पडायचे सोडलेल्या मुलीने तालुक्यात कुणाकडे जायचे, हे मात्र कुणी विचारले नाही.

मानसिक आरोग्याच्या शहरी परिसंवादांत या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर मिळते. खेड्यातले लोक मदत मागायलाच येत नाहीत, त्यांना लाज वाटते, म्हणून जनजागृती हवी. उत्तराच्या पुष्ट्यर्थ 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा दाखला दिला जातो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या त्या पाहणीत, वेगवेगळ्या मनोविकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले होते. आकडा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उपचार न मिळालेला माणूस मदत शोधत नव्हता, असे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नाही. बुलढाणा जिल्ह्यात तर लोक मदत शोधत कोसन् कोस चालतात. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिराच्या दर्शनबारीत उभे राहून चार माणसांचे बोलणे ऐकले तरी ते कळते. कुणाच्या मुलाची झोप उडालेली असते, कुणाची सून बाळंतपणानंतर बोलेनाशी झालेली असते, कुणाचा भाऊ कर्जाच्या नोटिशीनंतर शेतात जात नसतो. लाज त्यांनाही असते, पण ती त्यांना घरी बसवत नाही.

त्यांच्याकडे शब्द नाहीत, असेही शहरात म्हटले जाते. वऱ्हाडात ‘नैराश्य’ हा शब्द कुणी घरात वापरत नाही, हे खरे. तिथे माणूस म्हणतो, ‘मले गमत नाही.’ पुण्याकडच्या ‘करमत नाही’पेक्षा याचा पल्ला मोठा आहे. पाहुण्या गावात गमत नाही, तसेच नवरा गेल्यावर वर्षभर गमत नाही, आणि काहीच कारण नसताना सकाळी उठल्यापासून गमत नाही, तेही हेच. त्याच्या जोडीला ‘जीव घाबरते’, ‘काही सुधरत नाही’, ‘लय इचार येते’. जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची नैराश्य-चाचणी समोर ठेवली, तर तिचा पहिला प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, हाच असतो. पुस्तकी मराठीत तो विचारला की बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. ‘गमते का?’ एवढेच विचारले, तर ती खाली बसते. स्थानिक समुपदेशक हवा म्हणताना अंतराइतकाच हा प्रश्नही त्यात असतो.

ही शोधणारी माणसे आज कुठे पोचतात, हे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर वर्षानुवर्षे मनोरुग्णांना आणले जाते. होळीला तिथे नारळांची होळी पेटते आणि सर्व धर्मांचे लोक येतात. लागीर, करणी, बाहेरचं झालं, अशा नावांनी आलेली माणसे तिथे महिनोन् महिने राहतात. विवेकवादी वाचकाची पहिली प्रतिक्रिया संतापाची असते आणि तिला आधार आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली. साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताच आले नाही आणि 28 जण जळून मेले. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 95ने साखळी कोणत्याही रूपात निषिद्ध ठरवली. या बाबतीत तडजोडीला जागा नाही आणि श्रद्धेचे कारण सांगून कुणी ती मागूही नये.

इथेच थांबता आले असते, तर लेख सोपा झाला असता. अडचण 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासाने होते. आर. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या एका देवळात राहायला आलेल्या 31 मनोरुग्णांची पाहणी केली. तिथे औषध नव्हते, साखळी नव्हती आणि ठरलेला विधीही नव्हता. रुग्ण नातेवाइकासह काही आठवडे राहायचा, झाडलोट करायचा, पूजेला बसायचा. परतताना लक्षणांच्या मोजमापात सरासरी सुमारे 20 टक्के घट दिसली आणि संशोधकांनी ती नव्या औषधांच्या परिणामाच्या तोडीची मानली. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी मधुरा लोहोकरे यांच्यासह महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा अभ्यास करून 2009 साली जवळपास तीच दिशा दाखवली. तिथे येणाऱ्यांत मोठा भाग घरातल्या आघातांनी मोडलेल्या बायकांचा असतो. त्यांना तिथे ओरडायला, रडायला, घराबाहेर राहायला मुभा मिळते. मुभा हा उपचाराचाच भाग आहे, हे कोणताही प्रामाणिक मानसोपचारक मान्य करील.

म्हणून संतापाची दिशा थोडी बदलावी लागते. दर्गा आणि देऊळ जे देतात ते देवाच्या जागेपुरतेच मर्यादित राहिले आणि सरकारी दवाखान्यात त्यातले काहीच नाही, ही खरी तक्रार आहे. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008पासून मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकाच आवारात काम करू लागले. दुआ आधी होते, मग दवा. ज्या रुग्णाला स्किझोफ्रेनिया आहे त्याला गोळी लागतेच आणि ती वेळेवर लागते. दर्ग्यात गेलेली दोन वर्षे त्याला परत मिळत नाहीत. मुजावराने ‘आता डॉक्टरकडेही जा’ म्हटले, तर ती वर्षे वाचतात.

विक्रम पटेल यांच्याकडे यायचे ते इथून. मुंबईत जन्मलेले हे मनोविकारतज्ज्ञ 1990च्या दशकात झिंबाब्वेला गेले, ते नैराश्य ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे हे सिद्ध करायच्या विचाराने. हरारेत त्यांना ‘कुफुंगिसिसा’ हा शोना भाषेतला शब्द भेटला. अति विचार करणे, असा त्याचा अर्थ. वऱ्हाडातल्या ‘लय इचार येते’चा तो सख्खा भाऊ म्हणावा लागेल. त्या शब्दाने सांगितले जाणारे दुःख तपासत गेल्यावर पटेलांना स्वतःचेच मत सोडावे लागले. दुःख सगळीकडे ओळखीचे होते, नावे तेवढी गावची होती. 1996 साली गोव्यात त्यांनी सहकाऱ्यांसह ‘संगत’ ही संस्था सुरू केली आणि 2003मध्ये मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी एक हातपुस्तक लिहिले. तज्ज्ञ पुरेसे कधीच होणार नाहीत, मग गावातल्याच माणसाला काय शिकवता येईल, हा त्यांचा साधा प्रश्न.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी त्याची परीक्षा घेतली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण दिले आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ भेटी करायला सांगितले. उपचार पाहायला गेले तर किरकोळ वाटतो. माणसाने सोडून दिलेल्या गोष्टींतली एखादी पुन्हा सुरू करायची. विहिरीवर जाणे, बहिणीला फोन करणे, संध्याकाळी ओट्यावर बसणे. ती केल्यावर कसे वाटले ते पुढच्या भेटीत बोलायचे. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले होते. नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत ते प्रमाण 39 टक्के होते.

गोव्याची गोष्ट वऱ्हाडात लागू पडते का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात मिळाले. ‘विश्राम’ प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत चालला. गावातले आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि ठरलेल्या दिवशी येणारा मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी 2017 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त त्याचा हिशेब मांडला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षाने ते 27.2 टक्क्यांवर गेले. मदतीचा पत्ता गावात आला तेव्हा त्याच कापसाच्या पट्ट्यातले लोक सहापट संख्येने आले. जनजागृतीच्या फलकांची वाट त्यांनी पाहिली नाही.

या कामावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा : कर्ज हा आजार नाही. बुलढाणा हा 2006च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. पॅकेज 3,750 कोटींचे होते आणि ते दिले गेले कारण प्रश्न पाण्याचा, पतपुरवठ्याचा, कापसाच्या भावाचा होता. अशा माणसाला समुपदेशक देणे म्हणजे भावाऐवजी बोल देणे, असे शेतकरी चळवळीतले लोक म्हणतात. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. 2015मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, आशा कार्यकर्त्यांना घरोघर पाहणीला लावले, तेव्हाही हाच राग उमटला. आशाताईंचे मानधन आणि त्यांच्यावरची इतर कामे पाहता, मनाची नोंद ही आणखी एक रकानेबाज जबाबदारी होऊन बसण्याचा धोका होताच.

तरीही हा आक्षेप पुरता मान्य करता येत नाही. सावकाराचे देणे एकाच गावात दहा जणांवर असते, आणि विषाची बाटली त्यांतल्या एकाच्या हाती जाते. त्या एकाकडे त्या संध्याकाळी कुणी बसले असते तर, हा प्रश्न भावाच्या प्रश्नाने मिटत नाही. 2022 साली देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या, 22,746. त्यांत शेतकरी आहेत, तशाच गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत, रोजंदारीवरचे मजूर आहेत. समुपदेशकाने बँकेचा अर्ज वाचायला शिकावे आणि शेतकरी संघटनेने झोप उडालेल्या माणसाला ओळखायला शिकावे, अशी दोन्हीकडून अपेक्षा ठेवणे योग्य आहे.

आता शेगावातल्या एखाद्या घराने आज नेमके काय करायचे? आधी माणसे ओळखायची. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच करू नये. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो, म्हणून त्याचे शिक्षण कुठले आणि तो कुणाच्या देखरेखीखाली काम करतो, हे पहिल्याच भेटीत विचारावे. जो लग्न, नोकरी आणि पितृदोष एकाच बैठकीत सोडवतो, त्याच्या दारातून परत फिरावे. 14416 हा टेलि-मानसचा फोन 10 ऑक्टोबर 2022पासून चालू आहे. तो चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. जीव द्यावासा वाटतो असे कुणी घरात बोलले, तर ते बोलणे त्याच रात्री मनावर घ्यावे, त्याला एकटे ठेवू नये आणि शेतीची औषधे कुलपात जावीत.

मग प्रवास. खामगाव जवळ आहे, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेने तासाच्या आत. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या बुलढाण्याला रेल्वेच नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी निघायचे, केसपेपर काढायचा, बाकावर बसायचे, पाच मिनिटे बोलायचे, गोळ्या घेऊन अंधार पडता पडता परतायचे. रुग्णाबरोबर दुसरे माणूस लागतेच, म्हणजे दोन मजुऱ्या बुडतात. तिसऱ्या फेरीला लोक गोळ्या बंद करतात आणि डॉक्टर म्हणतात, रुग्ण सहकार्य करत नाही.

कायद्याने हे कधीच ओळखले आहे. 2017च्या कायद्याचे कलम 18 सांगते, की मानसिक आजाराच्या माणसाला सेवेसाठी लांब जावे लागू नये, ती त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळाली पाहिजे. किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेचा खर्च शासनाने भरून द्यायचा आहे. ऑक्टोबर 2024मध्ये बुलढाण्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथला मनोविकार विभाग आठवड्यातून एकदा तालुक्यांत उतरावा, ही मागणी कलम 18च्या आधाराने ग्रामसभेतही ठराव करून करता येते. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला सेवासंकल्प प्रतिष्ठानचे पालवे दांपत्य रस्त्यावरच्या बेवारस मनोरुग्णांना घर देते. एका कुटुंबाला जमते ते शासकीय यंत्रणेला अवघड नसावे.

शेगावच्या बाबतीत मात्र आणखी एक आशा धरावीशी वाटते, आणि ती 23 फेब्रुवारी 1878च्या दिवसाकडे नेते. त्या दिवशी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर एक अनोळखी तरुण उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खात होता. दासगणूंच्या ग्रंथामुळे ही कथा घरोघर ठाऊक आहे. गजानन महाराजांना आजाराच्या चौकटीत बसवण्याचा इथे विचारही नाही. नजर जाते ती बंकटलाल अग्रवालांकडे. रस्त्याने बरेच लोक गेले असतील. बंकटलाल थांबले, त्यांनी दामोदरपंतांबरोबर जवळ जाऊन चौकशी केली आणि ताटभर अन्न मागवले. ज्याला सगळे वेडा म्हणून ओलांडतात त्याच्यापाशी थांबून विचारण्यातून या गावाची आजची ओळख उभी राहिली आहे.

त्या परंपरेतले सेवाधारी आजही मंदिरात पांढऱ्या कपड्यांत उभे असतात. गावोगावहून पाळीपाळीने येतात, प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात, रांग मोडू देत नाहीत आणि कुणाकडून पैसा घेत नाहीत. गोव्यात ज्या माणसांना प्रशिक्षण दिले गेले, त्यांच्यापेक्षा यांची तयारी कमी नाही. ऐकून घेण्याची सवय त्यांना आहेच. रडणाऱ्याला नुसते पुढे न नेता बाजूला बसवायचे, गमते का म्हणून विचारायचे, धोका ओळखायचा आणि योग्य माणसाकडे पाठवायचे, एवढे काही आठवड्यांत शिकवता येते. संस्थान दवाखाने चालवतेच, त्यामुळे जागेचाही प्रश्न यायला नको. दर्शन झाल्यावर परतीच्या गाडीची वेळ विचारली तर सेवाधारी आताही सांगतात. तिथेच एका फलकावर 14416 आणि अकोल्याला मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी भेटतात, हे लिहायला दोन ओळी लागतील.